पेपरातली चार ओळींची पोट्टी

– वैनी, आयकलं का? नळावर सांगून राहिल्या होत्या, भद्रावतीच्या त्या पोट्टीचा छडाच नाही लागला म्हणे.

– मुंडकं नव्हतं ती?

– तीच. एप्रिल 2022 ची गोष्ट. तेलवासा रोडकडे सापडली, अंगावर चिंधी नाही. मी म्हटलं, बाई, पेपर वाचत जा जरासा! लागला होता तिचा छडा. नागपूरकडची निघाली. ओळख पटली, तसा तपास पळाला. छडा न लागलेल्या वेगळ्याच. त्यांचं कोणी नावही घेत नाही. माहीत असंल तवा घेईल ना!

– पेपरात तर येतच राहते वो ते. कधी रुळावर, कधी नदीत.

– अन् लिहितात कसं? ‘अनोळखी महिला, वय अंदाजे 25 ते 30, बांधा सडपातळ, रंग सावळा, उजव्या हातावर गोंदलेले.’ झालं. चार ओळी अन् खाली ठाण्याचा नंबर. आता मला सांगा, वर्धेच्या पाण्यात चार दिवस राहिली तर रंग कोणाचा कसा सांगता? त्यात कामाचं एकच, ते गोंदण. वरची कातडी सुटली तरी ते बऱ्याचदा दिसते, आत गेलेलं असते ना. पण ‘गोंदलेले’ म्हणून सोडून देतात. अरे, काय गोंदलं? नवऱ्याचं नाव, तुळस, का नुसते टिपके? माय लेकीला त्याच्यावरूनच वळखंल.

– वळखतात का खरंच?

– आमच्या लहान्यानं मोबाईलवर दाखवलं. तिकडे बेल्जियमात, अँटवर्पला, 1992 मध्ये एक बाई नदीत मरून सापडली. हातावर काळं फूल गोंदलेलं. 31 वर्षं बेवारस! मग 2023 मध्ये इंटरपोलनं अशा 22 बायांची माहिती बाहेर काढली. त्या फुलाचा फोटो बातमीत आला अन् ब्रिटनमधल्या घरच्यांनी वळखला. रीटा रॉबर्ट्स नाव तिचं. मारणारा कोण, ते तवाही नाही कळलं. पण नाव तर मिळालं.

– आपल्याकडे घरचेच पुढे नाही येत.

– कशाचे येतात! पोट्टी गेली का बाप सांगते, मामाकडे गेली. मिसिंगची तक्रार द्यायची म्हटली का तोंड लपवते. लोकही तसेच, कोणाची ते माहीत नाही, पण चालचलन कसं होतं ते पहिल्या दिवशीच सांगतात! अन् हे गरिबाघरीच होते असं नका समजू. ती मुंबईची शीना बोरा, मोठ्या घरची पोरगी. मे 2012 मध्ये पेणकडच्या जंगलात जळालेलं प्रेत सापडलं. नमुने घेतले, पुरून टाकलं, खुनाचा गुन्हाही दाखल नाही केला. इकडे मुंबईत सगळ्यांना काय सांगितलं? पोरगी अमेरिकेला गेली! 2015 मध्ये तिच्या मायच्या ड्रायव्हरनं तोंड उघडलं तवा कुठं दोन्ही टोकं जुळली. पेण ते मुंबई, किती दूर आहे सांगा!

– अन् आपली तर हद्दच. लक्कडकोटच्या पुढे गेलं का तेलंगणा.

– तेच तर. मिसिंग आसिफाबादला, तेलुगूत. प्रेत आपल्याकडे, मेल्याची नोंद, तो मर्ग, मराठीत. आता कॉम्प्युटरवर सगळ्या देशाचं जोडलं म्हणतात, जोडलंच असंल. पण तिकडे मिसिंगच कोणी दिली नसंल तर कॉम्प्युटर काय करंल? डीएनएचंही तसंच. हाडं नागपूरच्या लॅबला पाठवली तरी जुळवायला कोणी मायबाप पाहिजे ना समोर. बरं, तुमच्या वरच्या खोलीत त्या दोन पोट्ट्या आल्या राहायला, आधारकार्ड घेतलं का?

– घेतलं ना, झेरॉक्स आहे.

– अन् घरच्यांचा नंबर?

– तो... नाही घेतला वो. भाडं टायमावर देतात, मग म्हटलं कशाला.

– आज संध्याकाळी घ्या. मायचा घ्या, बापाचा नको, तो उचलत नाही. अन् दूध पाहा आधी, करपल्याचा वास येऊन राहिला तुमच्याकडून.

– मायबाई! ठेवून आली होती...

– जा, जा. नंबराचं विसरू नका.