क्वालिटीकाकांचा नाताळ

कंपनीतला क्वालिटीवाला माणूस ओळखायचा तो भाजीच्या गाडीवर. गवार घेताना बाकीचे शेंग मोडून बघतात. हा डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघतो. महाळुंग्यात आमच्या बिल्डिंगला जिन्यागणिक असा एकेक आहे. आमच्या जिन्यातले क्वालिटीकाका मूळचे नगरचे, तीन-चार पिढ्यांचे ख्रिस्ती. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं १८३१ साली. काकांची आजी ना. वा. टिळकांची भजनं गुणगुणत करंज्या लाटायची म्हणे. त्यामुळे या घरात नाताळ म्हणजे आधी फराळ, मग केक. दिवाळीत आम्ही दिलेलं ताट दोन महिन्यांनी चकल्या-शंकरपाळ्यांनी भरून परत येतं.

डिसेंबर लागला की जिन्यातली पोरं गव्हाणी करायला त्यांच्याकडे जमतात. पोरांना हौस, काकांना मॅनपॉवर. खोकी भंगारवाल्याकडून, रोख पैसे मोजून. कंपनीतला पुठ्ठ्याचा तुकडाही काका गेटपासशिवाय बाहेर आणणार नाहीत. परिणामी बाळ येशूच्या डोक्यावर वर तोंड केलेले दोन बाण आणि ‘जपून हाताळा’चा फुटका पेला छापलेला असतो. गुरं पोळ्याची, मातीची. मेंढपाळ दिवाळीच्या किल्ल्यावरचे. मावळ्यांच्या ढाल-तलवारी घोंगडीच्या चिंधीखाली झाकल्या की झालं.

१२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस यांनी गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं होतं, हे काका दर वर्षी सांगतात. दर वर्षी कुणीतरी विचारतं, “मग आपण आणायचा का? गावात शर्यतीचे आहेत.” काका तिसऱ्या मजल्याच्या जिन्याची रुंदी खरोखर मनात मोजतात.

खरा प्रकार चांदण्यांचा. पहिली चांदणी काका स्वतः कापतात. ती मास्टर सॅम्पल. पोरांनी कापलेली प्रत्येक चांदणी तिच्यावर ठेवून बघायची. हिरवी टिकली पास, लाल टिकली रिजेक्ट. पहिल्या दिवशी सगळ्या लाल. धाकटीच्या चांदणीला तर चारच टोकं होती.

“पाचवं कुठंय?”

“मागच्या बाजूला आहे, काका.”

काकांनी उलटून बघितली. वीस वर्षांची सवय.

२०२५चा नाताळ गुरुवारी आला. आमच्या पट्ट्यात कितीतरी कंपन्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारचीच, तेव्हा हक्काची एक सुटी बुडाली म्हणून काका आठवडाभर हळहळत होते. त्या हळहळीत एक गोष्ट राहून गेली: दुरुस्तीसाठी वीज जाते तीही गुरुवारीच. सकाळी चर्चला निघण्याआधी केक ओव्हनमध्ये गेला. १८० अंश, पस्तीस मिनिटं, दारावर वेळेची चिठ्ठी चिकटवलेली. बाराव्या मिनिटाला ओव्हनचा दिवा मालवला.

काकूंनी अक्षर न बोलता जुना कुकर काढला, तळाला मीठ पसरलं, शिट्टी आणि रिंग काढून ठेवली.

“अगं, प्रोसेस अशी मधेच बदलता येत नाही.”

“मग बसा तुम्ही वीज येईपर्यंत पीठ धरून.”

केक वरून छान फुगला आणि खालून करपला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यातल्या सर्वांत मोठ्याने गंभीर चेहऱ्याने लाल टिकली आणून केकच्या मधोमध लावली. काका व्हर्निअर घेऊन आले, करपलेला थर मोजला. तीन मिलिमीटर.

“रिवर्क होईल,” म्हणाले आणि सुरी घेऊन बूड तासायला बसले. इतकं सावकाश, की चर्चला उशीर होतोय हे काकूंनी दोनदा सांगितलं. तासून उठले तोवर ताटलीतले काळे तुकडे नाहीसे झाले होते. धाकटी ओठ चाटत उभी.

“आणखी तासा ना, काका.”