सहा फूट, तीन चाकं

देवानं मला सहा फूट दोन इंच दिले. आटोनं त्यातले आठ इंच परत घेतले. बडनेरा स्टेशनावरून राजकमल चौकात यायचं, तर मान वाकलेली अन् गुडघे हनुवटीशी. इतकी नम्रता अंबादेवीसमोरही साधली नव्हती.

उंच चालकाचे हाल निराळेच. आटो म्हणजे छप्पर घातलेली स्कूटर: डाव्या मुठीत क्लच-गिअर, उजव्या मुठीत रेस, पायाखाली ब्रेक. बजाजला तीनचाकीचा परवाना १९५९ साली मिळाला. तेव्हापासून पिढ्या बदलल्या, गुडघ्यांची जागा तेवढी वाढायची राहिली.

परवान्यावर प्रवासी ३. पण अमरावती असो की अकोला, चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाव्हणा टेकलेला असतोच. हँडल डावीकडे वळवायचं, तर डावीकडच्यानं पोट आत घ्यायचं. उजवीकडे वळवायचं, तर उजवीकडच्यानं. वाहनावर ताबा कोणाचा? सर्वपक्षीय सरकारचा!

परवा न राहवून विचारलं, "भाऊ, पाय कुठं ठेवू?"

त्यानं आरशातून मला पायापासून डोक्यापर्यंत मोजलं. डोकं आरशात मावलं नाही.

"पाय कायले आनले जी संगं?"