मेंदूतली चाळ

मराठी घरात साठीनंतर वारंवार कानांवर पडणारं वाक्य म्हणजे ‘समोरच तर आहे!’ म्हणणाऱ्याचा एक हात कमरेवर असतो आणि दुसरा ओव्याच्या बरणीकडे. ऐकणारा त्याच फळीसमोर बराच वेळ उभा असतो. त्याला जिरं दिसलेलं असतं, बडीशेप दिसलेली असते, हळदीच्या डब्याचं झाकण नीट बसलेलं नाही हेही नजरेतून सुटलेलं नसतं. पापडखाराची पुडी कधीची पडून आहे, याबद्दल तो दोन शब्द बोलूनही घेतो. ओवा तेवढा दिसत नाही.

मग खापर डोळ्यांवर फुटतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, मोतीबिंदू धरला असेल. डॉक्टर तपासून सांगतात, डोळे उत्तम आहेत. एवढ्यावर संशयाची सुई थोडी वर, कपाळामागे सरकते, आणि तिची जागा बरोबरच असते. फळीचं चित्र आत पोचवलं की डोळ्यांचं काम संपतं. बाकीच्या बरण्यांना ‘तू नव्हेस, तूही नव्हेस’ असं सांगत जाणं हे मेंदूचं खातं.

अ‍ॅन ट्रीसमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० साली या शोधाशोधीचे दोन प्रकार मांडले. वेगळ्या रंगाची वस्तू आपण होऊन नजरेत भरते. पांढऱ्या डब्यांत एकच लाल डबा असेल, तर डबे दहा असोत की तीस, वेळ जवळपास तेवढाच लागतो. पण वस्तू दोन-तीन खुणा जुळवून ओळखायची असेल, तर लक्षाला दर वस्तूपाशी थोडं थांबावं लागतं. म्हणून लाल तिखट सत्तरीतही झटकन सापडतं आणि ओवा, जिरं, शहाजिरं ही मंडळी मात्र माणसाचा अंत पाहतात. वयाचा फटका पहिल्या प्रकाराला फारसा बसत नाही, दुसऱ्याला चांगलाच बसतो.

का बसतो, याचं एक उत्तर लिन हॅशर आणि रोझ झॅक्स यांनी १९८८ मध्ये दिलं: वय वाढतं तशी नको ते बाजूला सारण्याची ताकद कमी होते. अ‍ॅडम गॅझली आणि सहकाऱ्यांनी २००५ साली मेंदूची चित्रं घेऊन ते तपासलं. लोकांना चेहरे आणि निसर्गदृश्यं दाखवायची आणि सांगायचं, चेहरे लक्षात ठेवा, दृश्यांकडे दुर्लक्ष करा. हव्या चित्रांकडे लक्ष देण्यात ज्येष्ठ मंडळी तरुणांच्या मागे नव्हती. कमी पडली ती दुर्लक्ष करण्यात. आयुष्यभर ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला सुनेपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना वाटला, आणि ऐन वेळी साठा आपलाच संपला!

आता मेंदूच्या आत डोकावू. तिथे निरनिराळे भाग गटागटाने काम करतात. एक गट पाहण्याचा, एक लक्ष देण्याचा, आणि एक असा, की आपण स्वस्थ बसलो की तो जागा होतो आणि जुन्या आठवणी उकरत बसतो. तरुणपणी हे गट फ्लॅटमध्ये राहिल्यासारखे असतात. दार बंद, आपलं काम भलं. वाढत्या वयात त्यांची हळूहळू चाळ होते. २० ते ८९ वर्षांच्या माणसांच्या मेंदूंचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो: वयाबरोबर गटांच्या आतली जवळीक कमी होते, दोन गटांमधलं जाणं-येणं वाढतं आणि त्यांचं वेगळेपण पुसट होतं. शिवाय मेंदूतल्या तारांवरचं आवरण झिजतं आणि निरोप पोचायला वेळ लागतो. त्यामुळे इकडे ओव्याचा शोध चालू असताना तो आठवणवाला शेजारी गप्प बसत नाही. ओवा म्हटल्याबरोबर त्याला मुंजीतलं अपचन आठवतं, मुंजीवरून मामा, मामावरून त्याची लँब्रेटा. एवढ्या गलक्यात फळीसमोरच्या माणसाने ‘मी इथे कशाला आलो होतो?’ असं विचारलं, तर त्याचं काय चुकलं?

चाळीत राहण्याचे तोटे आहेतच. १९९९ च्या एका गाजलेल्या प्रयोगात चेंडूच्या फेका मोजण्यात गुंतलेल्या जवळपास निम्म्या प्रेक्षकांना समोरून चालत गेलेला गोरिला दिसला नव्हता, आणि पुढे २०११ मध्ये आढळलं की उतारवयात तो आणखी जास्त जणांना दिसत नाही. दारं उघडी असूनही हा पाहुणा कसा निसटतो? कारण मोजणीतच सगळं बळ खर्ची पडलेलं असतं. फळीवरचा गोरिला परवडतो, भर रस्त्यावरची रिक्षा परवडत नाही. तेव्हा रस्ता ओलांडताना गप्पा आणि फोन दोन्ही बंद, हे पथ्य औषधाइतकंच निष्ठेने पाळावं.

पण उघड्या दारांतून वाटीभर आमटीही येते. रॉबर्टो काबेझा यांनी २००२ मध्ये दाखवलं, की तरुणांचा मेंदू जे काम मुख्यतः एका बाजूने उरकतो, त्याला म्हातारपणी दोन्ही बाजू धावून येतात. ही शेजारधर्माची मदत की नुसतीच गर्दी, यावर तज्ज्ञांचा वाद चालू आहे. चाळीतही तो कधी मिटला नाही. २०१० च्या एका अभ्यासात चित्रांवर छापलेल्या शब्दांकडे दुर्लक्ष करायला सांगितलं होतं. ज्येष्ठांच्या मनात ते नकोसे शब्द चित्रांना चिकटून बसले, आणि पुढे त्याच जोड्या लक्षात ठेवायची वेळ आली तेव्हा हा फुकटचा ऐवज त्यांच्या कामी आला. मारा मॅथर आणि लॉरा कार्स्टेन्सन यांनी २००३ साली आणखी एक गंमत टिपली. एक रागावलेला किंवा दुःखी चेहरा आणि एक साधा चेहरा शेजारी ठेवला, की वयस्कांचं लक्ष साध्याकडे वळतं. पन्नास वर्षांच्या संसाराचं गुपित काही अंशी इथेही असावं.

या सगळ्याचा मेळ बघायचा असेल तर लग्नाच्या कार्यालयात जावं. आजींना आहेराचं पाकीट द्यायला सूनबाईंची आई सापडत नाही. ती शेजारच्याच खुर्चीत बसलेली असते. पण तिला शोधता शोधता आजींनी पाहिलेलं असतं, की मुलाचा काका रुसून शेवटच्या रांगेत बसलाय, कोपऱ्यातली निळ्या साडीतली मुलगी सगळ्या वयस्कांना आपणहून पाणी देतेय आणि तिच्या गळ्यात मंगळसूत्र नाही. नातू एका मिनिटात विहीणबाई शोधून देतो. त्याला बाकी कार्यालयात काहीच दिसलेलं नसतं. पाकीट पोचवायला नातू बरा, यात वाद नाही. पण धाकट्याचं स्थळ बघायची वेळ आली, की घर आजींनाच विचारतं.