पाठीवरचा वाघ

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या चौपाटीवर गाड्या तुंबल्या की वाचनाची उत्तम सोय होते: पुढच्या थारच्या स्टेपनीवरचं कव्हर. वाघाचा जबडा, हिमशिखरं, होकायंत्र. होकायंत्राचं मला विशेष कौतुक वाटतं. इथून रस्ता एक तर सिंहगड-पानशेतकडे जातो नाहीतर पुण्याकडे, आणि या घडीला कुठेच जात नाही.

कव्हराचं काम खरं तर साधं. ऊन आणि हवेतला ओझोन न वापरलेल्या रबरालाही तडे पाडतात, तेवढं टाळायचं. माप टायरवरच छापलेलं असतं; 255/65 आर 18 म्हणजे व्यास सुमारे 31 इंच. कड घट्ट हवी, खाली पाणी निथळायला भोक हवं. झालं! पण दुकानात मापाला दोन मिनिटं, आणि वाघ डावीकडे बघणारा की उजवीकडे, यावर अख्ख्या कुटुंबाचा पाऊण तास. आतल्या टायरात हवा आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही.

मग डोणज्याच्या अलीकडे चाक पंक्चर होतं. वाघ रस्त्याकडेला उताणा, आणि मालक टेंपोवाल्याला विचारतोय, ''दादा, पंप आहे का हो?''