ळ की र?

चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या टाइम ऑफिसात मी 34 वर्षं काढली. काम काय, तर नावं लिहायची आणि नावं वाचायची. पाळी सुरू होण्याआधी खिडकीच्या आत मी, बाहेर डोक्याला दिवा लावलेली रांग. मी नाव पुकारायचं, बाहेरून 'हाजीर' आलं की रजिस्टरात खूण करायची. कधी डुलकीत कुणाचं नाव वाकडंतिकडं पुकारलं तरी माणूस 'हाजीर' म्हणायचाच. हजेरी महत्त्वाची, व्याकरण नव्हे, अशी माझी समजूत होती. ती मागच्या डिसेंबरात लंडनच्या एका सभागृहात मोडली. मी अर्थातच तिथं नव्हतो. मी बहिणीच्या ओसरीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत होतो.

आधी आडनावाचं सांगतो. माझ्या बहिणीच्या सासरच्या आडनावात मधोमध एक 'ळ' आहे. आमच्या झाडीपट्टीच्या बोलीत 'ळ' टिकत नाही, त्याचा 'र' होतो. डोळ्याचा डोरा, सकाळची सकार. जवाईबापू नोकरीला लागायचे होते तेव्हा अर्ज इंग्रजीत लिहायला घरात मीच एक शहाणा. मी विचारलं, "आडनाव सांगा." त्यांनी बोलीत सांगितलं. मी ऐकलं तसं लिहिलं, 'एल'च्या जागी 'आर'. दोन मिनिटांचं काम. चहा झाला, अर्ज गेला, नोकरी लागली. मग तो 'आर' भविष्य निर्वाह निधीत गेला, तिथून रेशन कार्डात, रेशन कार्डातून पोरीच्या शाळेच्या दाखल्यात, आणि दाखल्यातून पासपोर्टात. मराठी कागदांवर मात्र 'ळ' ठाण मांडून बसलेला. अशा रीतीनं एकाच घरात दोन आडनावं नांदू लागली.

कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं, पण भाचीनं राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचा अर्ज भरला. राज्य सरकार दरवर्षी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या 75 मुलामुलींना या शिष्यवृत्तीवर बाहेर पाठवतं. अर्जाला जोडायच्या कागदांची चळत पाहून जवाईबापू म्हणाले, "एवढ्या कागदात तर आमच्या खाणीचा नकाशा बसते." त्या चळतीत निम्म्या कागदांवर 'ळ', निम्म्यांवर 'र'. मग प्रतिज्ञापत्र आलं. 'ळ असलेली व्यक्ती आणि र असलेली व्यक्ती या दोन्ही एकच आहेत' असं स्टँप पेपरवर शपथेवर लिहून द्यावं लागलं. त्या दिवसांत भाची मला 'मामाजी' म्हणायची खरी, पण 'जी'वर जरा जास्तच जोर द्यायची.

आमच्या गावचा दगड शंभर वर्षांपासून परदेशात जातोय. गोऱ्यांच्या काळात तो गोबरवाहीहून आगगाडीत चढायचा, तुमसर रोडला मोठ्या लाइनीला लागायचा आणि बंदर गाठून बोटीत बसायचा. त्याला ना पासपोर्ट लागला, ना उत्पन्नाचा दाखला. माणसाचं जायचं म्हटलं की मात्र एका अक्षरापायी अडतं.

ती गेली. 23 किलोच्या बॅगेत माझ्या बहिणीनं पाच किलो चिन्नोर घातला. आमच्या जिल्ह्याच्या या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालंय हे तिला ठाऊक नाही. शिजताना वास आळीभर जातो एवढं ठाऊक आहे आणि तेवढं तिला पुरेसं वाटतं. पुस्तकं काढून तांदूळ ठेवला म्हणून पोरीनं कुरकुर केली, तर म्हणाली, "पुस्तकं थ्या लोकाईकडं असतीन ना!"

खाणीत मँगनीज काढलं की मागं राहिलेल्या पोकळीत रेती भरतात, नाहीतर वरचं छत खाली येतं. पोरगी गेल्यावर तिच्या खोलीत जवाईबापूंनी धानाची पोती रचली. मी म्हटलं, एवढी घाई काय होती? ते काही बोलले नाहीत. भूमिगत कामाची सवय, रिकामी जागा बघवत नाही.

शिष्यवृत्ती पोरीला मिळाली, पण अभ्यासक्रम घरच्या सगळ्यांना लागला. बहीण पौंडाचे रुपये करत नसे, ती रुपयांचं धान करायची. लंडनात बाईमाणसाला केस कापायला 40 पौंड पडतात हे ऐकून तिनं बोटं मोजली आणि जवळजवळ दोन क्विंटल धान न्हाव्याला द्यायचं ठरलं तर वेणी घातलेली बरी, असा निकाल दिला. पोरीनं वर्षभर वेणी घातली. भारतातल्या नि तिथल्या वेळेतलं साडेचार तासांचं अंतर बहिणीला तोंडपाठ झालं होतं. ऑक्टोबरच्या शेवटी ते साडेपाच झालं. ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली. "दादा, तिथली घडी एक घंटा मांगं केली म्हन्ते पोरगी. घडी का धानाचं पोतं आहे, मांगं-पुढं सरकवाले?" मी 34 वर्षं वेळेच्या खात्यात होतो. अख्ख्या देशानं मिळून एका रात्री घड्याळ मागं घ्यायचं, ही कल्पना आमच्या ऑफिसात कुणी मांडली असती तर रात्रपाळीवाल्यांनी ओव्हरटाइम मागितला असता.

भाची मधूनमधून फोटो पाठवायची. एक फोटो दहा, किंग हेन्रीज रोड या घराचा होता. 1921-22च्या सुमारास बाबासाहेब तिथं राहत. 2015 साली महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं, आता तिथं स्मारक आहे. चरित्रांत येतं की रात्री पोटात कावळे ओरडू लागले की ते कुणी दिलेले पापड भाजून खात आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालत. हे वाचल्यापासून माझी बहीण पोरीला पापड पाठवायचं कुठलंच पार्सल चुकवत नसे. शिष्यवृत्तीची सोबत तर त्या पापडांहूनही जुनी. 1913 साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. ती संपल्यावर 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतले. पुढं पुन्हा लंडनला गेले तेव्हा मदत करणाऱ्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज होते, म्हणजे आमची पोरगी ज्यांच्या नावाच्या शिष्यवृत्तीवर गेली तेच. कोलंबियाची एम.ए. 1915 सालची, पण पीएच.डी. रीतसर हातात पडायला 1927 उजाडलं. आणि 1952च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठानं बोलावून एलएल.डी. दिली. एवढ्या पदव्यांचा हा माणूस 1954 साली आमच्या भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभा राहिला आणि आम्ही त्यांना पाडलं. जिल्ह्याच्या खात्यावरची ती बाकी अजून निघतेच आहे.

मला मात्र या गोष्टीत दुसरंच सापडलं, धंद्याची खोड. बाबासाहेबांचं आडनावही दप्तरातच बदललेलं आहे. गावावरून आलेलं आंबडवेकर शाळेच्या नोंदीत आंबेडकर झालं. आणि आनंदीबाई! 11 मार्च 1886ला फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात पदवी घेताना त्यांचं वय एकवीसही पुरं नव्हतं. पंडिता रमाबाई त्या सोहळ्याला हजर होत्या. माहेरची यमुना, सासरची आनंदी, आणि तिकडच्या कागदांवर जोशी या आडनावाला शेवटी दोन 'ई'. त्यांच्यासोबत जपानच्या आणि सीरियाच्या विद्यार्थिनी असलेला 1885चा एक फोटो आहे, आपापल्या देशाच्या पोशाखात बसलेल्या तिघींचा. तो पाहताना इतर लोक साडी-किमोनो पाहतात. मला वाटतं, त्या वर्गात हजेरी कोण घेत असेल, आणि त्या बिचाऱ्याचं काय होत असेल?

त्या हजेरीवाल्याचे हाल किती होत असतील ते भाचीनं शेवटच्या आठवड्यात सांगितलं. तिच्या वसतिगृहात शिष्यवृत्तीवर आलेली पाचसहा देशांची पोरं होती. निरोपाच्या रात्री प्रत्येकानं आपल्याकडचा भात करायचा ठरलं. नायजेरियाचा आणि घानाचा पोरगा, दोघंही जोलोफ घेऊन आले आणि खरा जोलोफ कुणाचा यावर जेवण तासभर लांबलं. केनियाच्या पोरीनं पिलाव केला. आमच्या पोरीनं शेवटचा वाटीभर चिन्नोर शिजवून वर तूप सोडलं, बस. त्याचा वास सुटल्यावर जोलोफचा वाद तहकूब झाला, असं ती सांगते. तिच्या आईला हे मी तीनदा सांगितलं, चौथ्यांदा तिनं मला सांगितलं.

जेवताना वर्षभराचा हिशेब निघाला. मला वाटलं होतं, प्राध्यापक, ग्रंथालय, प्रबंध यांच्या गोष्टी निघाल्या असतील. निघाल्या त्या नावांच्या. व्हिएतनामचा पोरगा म्हणाला, आमच्यात आडनाव आधी, त्यामुळे मला वर्षभर आडनावानंच हाक मारली. आणि ते आडनाव आमच्या देशात इतक्यांचं आहे की वर्गात पुकारलं की आम्ही तिघं उठायचो. इथिओपियाची पोरगी म्हणाली, आमच्यात आडनावच नसतं, वडिलांचं नाव लावतात. म्हणजे वर्षभर माझ्या बापाला वर्गात बोलावत होते आणि उत्तर मी देत होते. मग आमच्या पोरीनं 'ळ' आणि 'र'ची कथा सांगितली. "मग," मी विचारलं, "मामाजीचं नाव घेतलं का?" म्हणाली, "नाही, फक्त हुद्दा सांगितला."

तर डिसेंबरातला पदवीदान समारंभ. तिथली दुपार, इथली रात्र. शेजारच्या पोरानं मोबाइल टीव्हीला जोडून दिला. ओसरीत पंधरावीस माणसं, जवाईबापूंचे पाळीतले दोघं-तिघं, आळीतल्या बाया, आणि चटईवर झोपी गेलेली चिल्लीपिल्ली. पडद्यावर एकेक नाव पुकारलं जाई, एकेक झगा चालत येई, टाळ्या, पुढचं नाव. मी आपला खिडकीच्या आतल्या माणसाच्या नजरेनं पाहत होतो. पुकारणाऱ्या बाईंचा वेग चांगला होता. एका नावाला चारपाच सेकंद. आमच्या पाळीलाही तेवढेच लागायचे.

बहीण हात जोडून बसली होती. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मधे एकदा चित्र गोठलं, सगळे ओरडले, पुन्हा सुरू झालं. नावं येत होती, आमचं येईना. शेवटी झगे संपत आले तेव्हा बहीण म्हणाली, "दादा, पोरीले वगळलं का जी?"

इतका वेळ जवाईबापू गप्प होते. ते म्हणाले, "गेली ते. कवाची गेली."

"काहून बोलले नाही मंग?"

"मले वाटलं तुमाले दिसलं."

पोरानं मागं नेऊन दाखवलं. बाईंनी उच्चारलेलं नाव ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ते आमचं नव्हतंच. तिकडच्या इंग्रजीत दुसऱ्या व्यंजनाआधी 'आर' आला की जीभ तो उचलतच नाही. आमच्या झाडीत 'ळ'चा 'र' झाला आणि लंडनात तो 'र'ही गेला. आडनावाच्या मधोमध नुसती पोकळी, रेती न भरलेली. पण झगा चालत होता. मान खाली, पाऊल टाकायच्या आधी जागा पाहणारी चाल. गोट्यांच्या वाटेवर बापाचं बोट धरून चाललेल्या पोरीची. मंचावर गुळगुळीत गालिचा होता, तरी ती पाहूनच चालली. जवाईबापूंनी नाव ऐकलंच नव्हतं, पाय पाहिले होते.

दुसऱ्यांदा पाहताना ती मंचाच्या मधे आली तेव्हा ते पुटपुटले, "हाजीर." पाळीतले दोघं हसले. बहीण हसता हसता पदर शोधू लागली.

रात्री फोनवर मी भाचीला विचारलं, उच्चार कसा करायचा ते आधी सांगता येत नव्हतं का? म्हणाली, येत होतं. समारंभाआधी एक कार्ड देतात, त्यावर नाव कसं उच्चारायचं ते आपणच लिहायचं. "मग?" "मामाजी, मी पासपोर्टात आहे तस्संच लिहिलं. पुन्हा कागद जुळले नाहीत तर?" केवढी शिकलेली पोरगी, आणि तिला भीती कशाची, तर माझ्या दोन मिनिटांची. मग तिनं विषय बदलला. झगा भाड्याचा आहे, संध्याकाळपर्यंत परत द्यायचा आहे, उशीर झाला तर काय करतील कोण जाणे, म्हणून पळत जाते, असं म्हणाली. आमच्या इकडे नवरदेवाची शेरवानी तुमसरहून भाड्यानं आणतात, तीही वरातीच्या दुसऱ्या दिवशी परत द्यावी लागते. फक्त इथं नवरदेव स्वतः पळत जात नाही, मामाला पाठवतात.

ती आता परत आलीय. धानाची पोती ओसरीत आली आहेत, चालायला जागा नाही. मागच्या आठवड्यात जवाईबापूंनी दारावर पाटी लावायचं काढलं. वर पोरीचं नाव, खाली पदवी. तुमसरचा पेंटर आला. निळ्या पाटीवर त्यानं खडूनं रेघा आखल्या, पोरीचं नाव झोकात लिहिलं, मग ब्रश डब्यात बुडवून ओसरीकडे वळला.

"आडनावात 'ळ' टाकू का 'र'?"

बहिणीनं जवाईबापूंकडे पाहिलं, जवाईबापूंनी पोरीकडे पाहिलं, आणि मग तिघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. मी आत चहाचं काय झालं ते पाहायला गेलो.