जन्म : निरंक

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात गेल्या महिन्यात चार बारशी झाली. चारही घरच्या घुगऱ्या भाऊसाहेबांनी चवीनं खाल्ल्या. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. सरकारनं त्यांना आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलंय, पण ते बारसं गावानं अजून मानलेलं नाही. मग कार्यालयात बसून त्यांनी महिन्याचा अहवाल लिहिला. जन्म : निरंक.

खोटं काहीच नाही. १९६९च्या कायद्यानं जन्म जिथं होतो तिथंच नोंदवायचा, आणि बाळंतपणं होतात पाथर्डीला नाहीतर नगरला. पहिलं तर सुनेच्या माहेरी, म्हणजे बीडच्या खात्यात. कागदावर आमचं गाव ब्रह्मचाऱ्यांचं. फॉर्मवर आईचा राहता पत्ता असतो, त्यावरून पोर मूळगावी वळतं करायची सोयही आहे. पण पोर एसटीनं येतं, आकडा टपालानं.

जन्मदर म्हणजे साधा भागाकार : वर्षभरात जिवंत जन्मलेली मुलं भागिले वर्षाच्या मध्यावरची लोकसंख्या, गुणिले हजार. वरच्या आकड्याचं हे असं. खालचा आकडा जिल्ह्याचा, तोही २०११चा, ४५ लाख ४३ हजार. २०२१ची जनगणना आता २०२७वर गेली. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदलून झालं, माणसं मात्र अजून अंदाजानंच वाढवतायत.

त्यात आमचे ऊसतोडवाले. जुलैत सगळे कोयते घरी, म्हणून छेदात भरतात. माघात कोल्हापूरकडच्या फडावर, पाचटाच्या कोपीत झालेलं पोर मात्र तिकडच्या अंशात जातं, किंवा कशातच नाही. आणि १२ सप्टेंबर २००१नंतरचं तिसरं अपत्य ग्रामपंचायतीचं सदस्यत्व घालवतं, हे कळल्यापासून निवडणूक आली की काही पोरं एका रात्रीत चुलत्याची होतात.

हसून झालं असेल तर एक आकडा आणखी. २०११ला जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८५२. उरलेल्या कुठल्या रकान्यात गेल्या, ते लिहायला फॉर्मच नाही.

सध्या भाऊसाहेबांची लेक पहिल्या बाळंतपणाला आलीय. म्हटलं, “भाऊसाहेब, नातवंड इथंच होऊ द्या. रजिस्टरची तेवढीच भवानी.”

“छे हो, नगरला नाव नोंदवलंय,” म्हणाले, आणि पुढच्या महिन्याचाही अहवाल भरून ठेवला.