करणारा गायब

दहावीतल्या भाच्याला अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं आहे. माझं इंग्रजी बरं असल्याची अफवा ताईपर्यंत पोचली, दुसरं काय!

उदाहरणं नेहमीचीच. राम किल्स रावण. रावण इज किल्ड बाय राम. चालू वर्तमानकाळ आला की मध्ये 'बीइंग' घालायचं आणि पुढे क्रियापदाचा थर्ड फॉर्म: रावण इज बीइंग किल्ड. पोरं वही मिटून जेवायला उठली तरी रावण आपला मरतोच आहे.

"मामा, ते 'बाय राम' गाळलं तर?"

"चालतं. कुणी केलं ते माहीत नसलं, किंवा सांगायचं नसलं, की गाळायचंच."

पोराचा चेहरा उजळला. "म्हणजे 'रस्ता खोदण्यात येत आहे'!"

पोरगं सोलापूरचं आहे. इथे उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाइपातून येतं, आणि गल्लीत कधी येणार ते आधी जाहीर होतं. 'पाणी सोडण्यात येईल' हे वाक्य त्यानं बाराखडीच्या आधी ऐकलंय. कोण सोडणार, हे त्यात कधीच नसतं. बोलताना तर सोलापूरकराला पॅसिव्ह लागतच नाही. "रस्ता खांदूलाल्यात की बे," एवढ्यात भागतं. 'कोण खांदूलाल्यात?' असं विचारणारा बाहेरगावचा, बहुधा पुण्याचा.

खरं तर मराठी माणसानं या धड्याला भ्यायचं कारणच नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६चं; साहेबाकडे दोन प्रयोग, तर आपल्याकडे कर्तरी, कर्मणी आणि वर भावे. 'मी कडक भाकरी खाल्ली' यात क्रियापद माझं नव्हे, भाकरीचं ऐकतं. 'आईने बंड्याला मारलं' यात ते कुणाचंच ऐकत नाही, पार्क चौकातल्या रिक्षासारखं.

मग भाच्यानं गुगली टाकली. "'दे हॅव बीन डिगिंग द रोड', याचं पॅसिव्ह?"

"या काळाचं करत नाहीत."

"का? काम तर अजून चालूच आहे!"

सोलापूरला नेमका जो काळ लागतो, त्याचंच पॅसिव्ह शाळेच्या व्याकरणात नाही.

इंग्रजीच्या सरांना एकच विनंती. यंदा रावणाला सोडा. फळ्यावर पाण्याची सूचना लिहा आणि 'बाय'पुढची जागा मोकळी ठेवा. पोरं मार्क घेतीलच. एखादं त्या जागेत नावही लिहील.